फ्रातेली सेत्ते : लगेच उघडायची की ठेवायची?

फ्रातेली कंपनीची सेत्ते ही रेड वाइन घेतली की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, आत्ता उघडू का ठेवू, आणि ठेवली तर किती वर्षं? मी ही वाइन नवी असतानाही प्यायलोय आणि चांगली मुरल्यावरही, म्हणून सरळच सांगतो. लेबलवर जे साल असतं ना, तिथून पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उघडा. पण घरात खरंच थंड जागा असेल तरच, नसेल तर ठेवायच्या भानगडीत पडू नका, आणलीत की महिन्याभरात पिऊन टाका.

वाइन आपल्या अकलूजची. ऊस, साखर कारखाना आणि लावणी महोत्सवाचं अकलूज. २००७ साली इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचेच मोहिते-पाटील अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून फ्रातेली ही कंपनी काढली आणि वाइन करायला इटलीतल्या टस्कनीहून पिएरो मासी आले. सेत्ते ही त्यांची मानाची रेड, मुख्य द्राक्षं दोन, सांजोवेझे आणि कॅबर्ने सॉव्हिन्यों, आणि ओकच्या लाकडी बॅरलमध्ये मुरवूनच बाजारात येते.

आता ह्या दोन्ही द्राक्षांचा स्वभावच टिकण्याचा आहे. सांजोवेझे म्हणजे टस्कनीतल्या कियांती आणि ब्रुनेल्लो ह्या नावाजलेल्या वाइनचं द्राक्ष, त्यातली ब्रुनेल्लो तर तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या जानेवारीआधी विकायलाच परवानगी नाही. कॅबर्ने फ्रान्समधल्या बोर्दोचं, जाड सालीचं, टॅनिन म्हणजे तोंड तुरट करणारं द्रव्य भरपूर. मग कोणीतरी म्हणतंच की बोर्दोच्या मोठ्या वाइन वीस-वीस वर्षं ठेवतात, ही पण ठेवूया की. तर नाही, तसं करू नका. आपल्याकडे छाटणी सप्टेंबरच्या आसपास होते, द्राक्षं थंडीत वाढतात पण पिकता पिकता ऊन चढायला लागतं आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत तोडणी, त्या उन्हात साखर भराभर वाढते आणि आंबटपणा तितकाच भराभर उतरतो, आणि वाइनला वर्षानुवर्षं ताजं ठेवणाऱ्या गोष्टींत हा आंबटपणा फार मोठा. म्हणून माझ्या मते बऱ्याचशा भारतीय रेड दोन-तीन वर्षांतच प्यायच्या असतात. सेत्ते त्याच्या पुढे जाते, हेच तिचं मोठेपण, पण दहा वर्षांच्या पुढे मी तरी ठेवणार नाही.

चवीचं बोलायचं तर नवी सेत्ते ग्लासात ओतली की गडद लाल, कडेला जांभळट झाक, वासात आधी ओक येतो, व्हॅनिला, थोडी लवंग, आणि फळ मागे कुठेतरी दबलेलं. घोट घेतला की कच्ची सुपारी चावल्यासारखं हिरड्या आवळून येतात. वाईट नाही ती, पण अजून आखडलेली असते. तीच बाटली नीट मुरली की रंगाची कड विटकरी होते, ओक मागे सरतो आणि सुकलेलं आलुबुखार, चामडं, तंबाखूची पानं असे वास एकेक करून वर येत राहतात, ग्लास अर्धा तास समोर ठेवून नुसता हुंगत बसावा इतकी सुंदर. तुरटपणा जात नाही पण मऊ होतो. बाटलीत टॅनिन एकमेकांना आणि रंगद्रव्याला जोडले जातात, त्यांचे मोठे कण होतात आणि काही गाळ म्हणून खाली बसतात. तळाला गाळ दिसला तर घाबरू नका, वाइन खराब झालेली नाही.

आता खरा मुद्दा, ठेवायची कुठे. वाइनला लागतं १२ ते १५ अंश, अंधार, आणि बाटली आडवी म्हणजे कॉर्क ओलं राहतं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचा माळा किती तापतो हे सांगायला नको, तिथे दोन उन्हाळे काढलेली वाइन मुरत नाही, शिजते. कपाटात कपड्यांमागे ठेवली तरी तेच. साध्या फ्रिजमध्ये काही आठवडे चालेल, वर्षानुवर्षं नाही, तिथे थंडी जास्त आणि हवा कोरडी, कॉर्क सुकतं. म्हणजे छोटा वाइन फ्रिज असेल तर ठेवा, एवढंच.

आणि घरचं सोडा, दुकानातच बाटली तापलेली असू शकते. मला एका दुकानातून अशी सेत्ते मिळाली होती, कॉर्क किंचित वर आलेलं, वरच्या आवरणाखाली चिकट ओघळ, आणि चव उकळलेल्या जॅमची. त्यात वाइन करणाऱ्यांचा काय दोष! खूप राग आला होता, कारण एवढ्या मेहनतीची वस्तू नुसत्या निष्काळजीपणाने वाया जाते. म्हणून शोकेसमध्ये दिव्याखाली उभी असलेली बाटली घेऊ नका, आतली मागा, एसीतली मागा, कॉर्कपाशी बोट फिरवून बघा.

थांबायचं नसेल तर नवी सेत्ते डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा द्यायच्या रुंद काचेच्या भांड्यात, ओतून दीड-दोन तास ठेवा, डिकँटर नसेल तर काचेचा रुंद जग घ्या, फरक लगेच कळतो. मुरलेल्या बाटलीला मात्र इतका वेळ हवा देऊ नका, आदल्या दिवशी उभी करून ठेवा, गाळ तळाला बसू दे आणि मग हळू ओता. दोन्ही वेळी प्यायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये, कारण रेड वाइन रूम टेम्परेचरला प्या म्हणतात ते म्हणजे १६-१८ अंश, आपल्या घरातले ३२ नव्हेत.

सोबत मटण हवंच, पण झणझणीत नको, तिखट आणि टॅनिन एकत्र आले की तोंडाची नुसती आग होते. आळणी मटण किंवा कमी मिरचीचं सुकं, मस्त जमतं.

स्वस्त नाहीये ही वाइन, पण जागा असेल तर एकाच सालाच्या तीन बाटल्या घ्या, एक लगेच उघडा, एक पाचव्या वर्षी, एक सातव्या.