स्लो कुकर: बटाट्याला मानवला, दुधाला नाही

निकाल आधीच सांगून टाकते. क्रीमी बटाटा सूपसाठी स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, घेतला याचा मला आनंद आहे, पण त्याच्यासोबत आलेली पाककृतींची पुस्तिका मी सरळ रद्दीत टाकली. 'सगळं एकदम भांड्यात घाला, झाकण लावा, आठ तासांनी सूप तयार' असं त्या पुस्तिकेत लिहिलंय. बटाटे, कच्चा कांदा, लसूण, दूध, क्रीम, मीठ, सगळं सकाळीच घालायचं. मी ते शब्दशः करून पाहिलं. संध्याकाळी झाकण उघडलं तर वर पाणी, मध्ये दह्यासारखे बारीक कण आणि सगळ्याला उकडलेल्या कांद्याचा वास. दादांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एक चमचा चाखला आणि विचारलं, "अगं, यात मीठ राहिलंय की चव?"

कुकर घेतला तो दादांसाठीच. त्यांची नवी कवळी अजून बसायची आहे, त्यामुळे मऊ, पातळ आणि तरीही पोट भरेल असं काहीतरी रोज लागतं. मी प्रयोगशाळेत पाळ्यांमध्ये काम करते, तेव्हा गॅससमोर उभं राहून ढवळायला दर वेळी जमत नाही. कुकर साधाच आहे: साडेतीन लिटरचं जाड सिरॅमिकचं भांडं, काचेचं झाकण, लो-हाय-वॉर्म अशा तीन खुणांचं बटण. तळाशी २०० वॅटचं लेबल. बास.

आधी या यंत्राच्या जन्माबद्दल थोडं, कारण त्यावरून त्याचा स्वभाव कळतो. अर्व्हिंग नॅक्सन नावाच्या अमेरिकन संशोधकाला १९४० साली याचं पेटंट मिळालं. त्याच्या आईचं कुटुंब लिथुआनियातलं. तिथे ज्यू घरांमधून शुक्रवारी संध्याकाळी मांस, कडधान्य आणि भाज्यांचं भांडं बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी काढून आणायचे, ही आठवण तिने मुलाला सांगितली होती. त्याने बनवलेल्या यंत्राचं नावच 'बीनरी' होतं. १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच यंत्र 'क्रॉक-पॉट' म्हणून बाजारात आणलं. म्हणजे मुळात हे यंत्र रात्रभर आच सोसणाऱ्या पदार्थांसाठी आहे. बटाटा त्यात बसतो. दूध बसत नाही, आणि कांद्याला जे हवं असतं ते याच्याकडे नाहीच.

कांद्याचंच आधी घेऊ. कांदा खमंग होतो तो १४० अंशांच्या आसपास, कोरड्या तापलेल्या तळावर. स्लो कुकरमधलं सूप कितीही वेळ ठेवा, १०० अंशांच्या वर जात नाही. त्यामुळे आठ तासांनंतरही कांदा शिजतो, परतला जात नाही. वास मात्र तोच कच्चट, फक्त मऊ झालेला. म्हणून वेगळ्या पातेल्यात दोन चमचे लोण्यावर दोन मोठे कांदे कडा गुलाबी होईपर्यंत परतायचे, शेवटी लसणाच्या चार पाकळ्या ठेचून टाकायच्या, आणि त्याच पातेल्यात एक लिटर भाज्यांचा स्टॉक, म्हणजे भाज्या उकळून गाळलेलं पाणी, ओतून उकळी आणायची. तळाला लागलेलं सगळं सुटून येतं. दहा-बारा मिनिटांचं काम. 'मग स्लो कुकरचा उपयोग काय, पातेलं धुवायचंच ना?' हा प्रश्न मला घरातूनच आलाय. उत्तर असं, की ती मिनिटं तुम्ही निवडता. पहाटे पाचला करा नाहीतर आदल्या रात्री. पुढचे तास तुमचे.

स्टॉक उकळताच घालायचा, यालाही कारण आहे. मला थर्मामीटर खुपसून पाहायची सवय कामावरची. गार पाणी घालून लोवर लावलं तर पहिल्या तासाअखेर मधलं पाणी जेमतेम ४५ अंशांवर होतं. यात दोन तोटे. एक म्हणजे ५ ते ६० अंश हा जंतूंच्या सोयीचा पट्टा, तिथे अन्न जितकं कमी रेंगाळेल तितकं बरं. दुसरा तोटा खास बटाट्याचा. साधारण ५५ ते ७० अंशांमध्ये बटाटा बराच वेळ राहिला, की त्यातलं एक एंझाइम पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनमध्ये बदल करतं, कॅल्शियम त्याला बांधून घट्ट करतं, आणि मग पुढे कितीही शिजवलं तरी फोड थोडी करकरीतच राहते. 'स्लो कुकरमध्ये बटाटे शिजतच नाहीत' अशी तक्रार पुष्कळ जण करतात, ती खोटी नाही. उकळता स्टॉक घातला की हा पट्टा पटकन ओलांडला जातो. फक्त सिरॅमिकचं भांडं फ्रिजमधून काढलेलं नको, तडकेल.

बटाटे सव्वा किलो, दोन सेंटिमीटरच्या फोडी. याहून मोठ्या केल्या तर मध्ये दडदडीत राहतात, फार बारीक केल्या तर लगदा होतो आणि सुपात चावायला काही उरत नाही. (दादांना काही उरायला नकोच असतं, पण मला हवं असतं.) फोडी तळाला आणि कडेला, कारण तापणारी तार तिथे आहे. स्टॉक फोडींच्या जेमतेम वर यावा. झाकणाखालची वाफ पुन्हा आतच ठिबकते, त्यामुळे सूप आपोआप आटून दाट होईल ही आशा इथे ठेवायची नाही. भांडं एवढ्याने दोन-तृतीयांश भरतं, आणि तेवढंच भरावं. अर्ध्याहून कमी असेल तर कडा करपतात.

बटाटा कोणता, यावर सुपाची निम्मी गोष्ट ठरते. पिठूळ बटाटा शिजून फुटतो आणि सूप स्वतःच दाट करतो. मेणचट, चकचकीत सालीचा बटाटा फोडीसारखा फोड राहतो, सूप पाण्यासारखं. मी तीन भाग पिठूळ आणि एक भाग मेणचट घेते. हिरवट झालेला बटाटा मात्र कापून, सोलूनही यात घालू नका. हिरवेपणा दिसतो तिथे सोलॅनिन हे विषारी द्रव्यही वाढलेलं असू शकतं आणि ते उकळण्याने जात नाही, मग आच मंद असो की मोठी.

टोमॅटो किंवा लिंबू घालायची हौस असेल तर शेवटी. आंबटपणात पेक्टिन सुटायला वेळ लागतो, बटाटे तासन्‌तास हटून बसतात.

हायवर चार तास, लोवर सात-आठ. बहुतेक मॉडेलांमध्ये लो आणि हाय शेवटी जवळपास एकाच तापमानाला पोचतात, उकळीच्या जरा खाली. फरक फक्त किती लवकर पोचतात एवढाच. म्हणून 'लोवर चव जास्त मुरते' या म्हणण्यात मला फारसं तथ्य वाटत नाही. मी घरी असले तर हाय, बाहेर असले तर लो. या काळात झाकण उचलायचं नाही. एकदा उघडलं की गेलेली ऊब परत यायला वीस ते तीस मिनिटं लागतात. आमच्याकडे हा नियम पाळणं सगळ्यांत अवघड गेलं, कारण यंत्र काहीच आवाज करत नाही. शिटी नाही, रटरट नाही. दादा येता-जाता झाकण उचलून बघायचे, "चालू आहे ना गं हे?" शेवटी मी झाकणावर कागद चिकटवला: 'चालू आहे.'

आता दूध. पुस्तिकेवरचा माझा खरा राग इथे आहे. दुधातली प्रथिनं तासन्‌तास आचेवर, त्यात भाज्यांचा किंचित आंबटपणा आणि मीठ, अशा संगतीत टिकत नाहीत, गुठळतात. पातळ दूध तर हमखास. ३५ टक्के स्निग्धांशाचं क्रीम बरंच सोसतं, कारण त्यात फाटायला प्रथिनंच कमी असतात. पण त्यालाही आठ तासांची शिक्षा कशाला? बटाटे बोटाने दाबल्यावर चुरले की मगच, शेवटच्या अर्ध्या तासात, २०० मिलिलिटर क्रीम घालायचं. तेही फ्रिजमधून काढून थेट नाही. एका वाटीत घेऊन त्यात गरम सुपाचे दोन-तीन डाव मिसळायचे आणि ते मिश्रण भांड्यात ओतायचं. क्रीमऐवजी दूधच घालायचं असेल तर त्यात एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर गारच कालवून घ्या. स्टार्चमुळे दूध फाटायचं बरंचसं टळतं. डब्यातलं बिनसाखरेचं आटीव दूधही छान चालतं, ते तापवून तयार केलेलं आणि स्थिर केलेलं असतं. चीज घालायचं तर कुकर बंद करून, स्वतः किसून. किसलेलं पाकीट मिळतं त्यात किस एकमेकांना चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज भुरभुरलेलं असतं, सूप खरखरीत लागतं.

क्रीमच्या आधी घोटायचं. हाताच्या मॅशरने, भांड्यातच, अर्धे बटाटे. मिक्सर नको. पात्याच्या वेगाने स्टार्चचे कण फुटतात आणि सुपाला डिंकासारखी तार येते. ही तार एकदा आली की जात नाही, वरून पाणी घाला की क्रीम. दादांसाठी पूर्ण एकजीव लागतं तेव्हा मी चाळणीतून दाबून काढते. हात दुखतो, पण सूप मखमली होतं.

मिऱ्याची पूड आणि बाकीचं मीठही इथेच. तयार स्टॉकमध्ये मीठ भरपूर असतं आणि इथे काही आटत नसलं तरी चव शेवटीच कळते. वाळलेलं थाईम असेल तर सुरुवातीला घाला, ताजी चिरलेली पात वाढताना.

यंत्राबद्दल तक्रारी तीन. टायमर नाही, म्हणजे वेळ संपल्यावर ते आपणहून वॉर्मवर जात नाही. पाळी लांबली की सूप हायवर शिजतच राहतं. नवा घेणाऱ्याने हे एकच पाहिलं तरी पुरे, बाकी रंग आणि काच सगळ्यांची सारखीच. दुसरी, भांडं जड. सूप भरलेलं असताना ते उचलून ओतणं माझ्या मनगटाला झेपत नाही, डावानेच काढावं लागतं. तिसरी, खोक्यावर ठळक छापलेलं 'वीज वाचवा'. चार तास हायवर म्हणजे ०.८ युनिट. तेवढ्यात २००० वॅटची इंडक्शन शेगडी पूर्ण जोरात चोवीस मिनिटं चालते, आणि प्रेशर कुकरला बटाटे उकडायला तितकाही वेळ लागत नाही. हे यंत्र वीज वाचवत नाही. राखण करायचा वेळ वाचवतं, आणि माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

मग प्रेशर कुकरच का नको? घाईत मी तोच वापरते. पण त्यात फोडी एकतर अर्ध्या कच्च्या नाहीतर पार विरघळलेल्या, मधलं काही हाताला लागत नाही. स्लो कुकरमध्ये कडा विरघळलेल्या आणि गाभा शाबूत अशी फोड मिळते, आणि सुपाचा दाटपणा पिठाचा न लागता बटाट्याचा लागतो. एवढ्या एका गोष्टीत तो सरस आहे, आणि सुपात तीच गोष्ट महत्त्वाची.

याच भांड्यात राजमा टाकायचा विचार असेल तर आधी भिजवून, ते पाणी फेकून, वेगळ्या पातेल्यात ताज्या पाण्यात खळखळ उकळून घ्या, निदान दहा मिनिटं, अर्धा तास असेल तर उत्तम. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन मंद आचेवर मरत नाही आणि पोटाची वाट लावतं. पुस्तिकेत याबद्दल अक्षर नाही, हेही तिला रद्दीत टाकायला पुरेसं कारण होतं.

उरलेलं सूप सिरॅमिकच्या भांड्यातच फ्रिजमध्ये ठेवू नका, जाड भांडं लवकर गार होत नाही. उथळ डब्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी गरम करायचं ते पातेल्यात, गॅसवर, वाफा येईपर्यंत. स्लो कुकर तापायलाच इतका वेळ घेतो की पुन्हा गरम करण्यासाठी तो कामाचा नाही. फ्रीझरमध्ये टाकायचं असेल तर क्रीम घालण्याआधीचा भाग, तोही पूर्ण घोटून. क्रीम घातलेलं गोठवलं की वितळताना पाणी वेगळं आणि रवाळ चोथा वेगळा होतो.