खासगी पार्किंगमधून उचललेली गाडी आणि पाहण्याआधी मागितलेली सही

खासगी पार्किंगमधून गाडी उचलून नेणाऱ्यांविषयी जी ओरड होते, ती बहुतेक वेळा वसूल केलेल्या रकमेपुरती असते. मी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे तो वेगळ्या कारणासाठी. गाडी उचलताना झालेली मोडतोड मालकाच्याच गळ्यात मारण्याची रीत किती पक्की बसवलेली असते, हे मला त्यातून जवळून दिसले. गाडी नेणे हा या व्यवहाराचा पहिला भाग झाला. ती परत देताना ‘वाहन सुस्थितीत मिळाले’ अशा छापील मजकुराखाली मालकाची सही घेणे हा दुसरा भाग आहे आणि खरी फसवणूक त्या दुसऱ्या भागात दडलेली आहे.

माझी गाडी मी दरमहा भाडे भरून घेतलेल्या जागेत उभी होती. परवान्याचे स्टिकर समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात आतून लावलेले होते. तरीही ‘विनापरवाना वाहन’ म्हणून ती उचलण्यात आली. नंतर मी पुरावा मागितला तेव्हा दाखवण्यात आलेले छायाचित्र काचेच्या दुसऱ्या बाजूने, तिरपे घेतलेले होते. छतावरच्या दिव्याची तिरीप नेमकी स्टिकरच्या जागी पडली होती आणि तेथे पांढऱ्या डागापलीकडे काहीच दिसत नव्हते. हे नकळत घडले असेल असे मला वाटत नाही. पार्किंगच्या मालकाकडून गाड्या उचलणाऱ्या ठेकेदाराला एक पैसाही मिळत नाही आणि त्याची सगळी कमाई उचललेल्या गाड्यांच्या मालकांकडून येते, अशी तेथील व्यवस्था होती. अशा व्यवस्थेत काचेजवळ वाकून स्टिकर पाहण्याची तसदी घेण्यात ठेकेदाराचा तोटाच असतो. त्यामुळे जागा भाड्याने घेताना गाडी उचलण्याचा ठेका कोणाकडे आहे आणि त्याचे पैसे कोण देते, हे विचारून घेणे मला आता भाड्याच्या रकमेइतकेच महत्त्वाचे वाटते.

गाडी ठेवली होती त्या आवारात एका लहानशा खिडकीतून कामकाज चालत असे आणि गाड्या पत्र्याच्या उंच कुंपणाआड होत्या. खिडकीतल्या माणसाने आधी पैसे, मग सही, मग फाटक उघडणार, असा क्रम सांगितला. गाडी पाहिल्याशिवाय सही करणार नाही, असे मी म्हणताच तो म्हणाला, “ताई, सही नसेल तर गाडी आतच राहील आणि उद्यापासून जागेचे भाडे वेगळे लागेल.” पुढे इतरांशी बोलताना कळले की हे वाक्य तेथे जवळपास प्रत्येकाला ऐकवले जाते. दिवसागणिक वाढणारे भाडे हेच त्यांचे हत्यार असते, कारण भांडत बसलो तर रक्कम वाढते आणि गाडी त्यांच्याच ताब्यात राहते. मी पैसे भरले, पावतीवर ‘हरकत नोंदवून रक्कम भरली’ असे लिहिले आणि छापील मजकुराच्या अगदी खाली, सहीच्या वर, स्वतःच्या अक्षरात ‘वाहन अद्याप दाखवलेले नाही, नुकसानभरपाईचा हक्क राखून सही’ ही ओळ वेळेसह लिहिली. त्याने कागद मागे ओढण्याचा प्रयत्न केला, पण तोपर्यंत मी फोनवर संपूर्ण पानाचे छायाचित्र घेतले होते. या एका छायाचित्रावर पुढे सगळे प्रकरण तरले.

फाटक उघडल्यावर पहिल्यांदा दिसला तो मागचा बंपर. त्याचा डावा कोपरा पकडीतून निसटून बोटभर बाहेर आला होता आणि खालच्या कडेला रंग खरवडून आतले काळे प्लास्टिक उघडे पडले होते. मी गाडी जागेवरून न हलवता चारही बाजूंनी, चाकांच्या जवळून आणि गाडीच्या पोटाखालून छायाचित्रे घेतली, किलोमीटरचा आकडा टिपला आणि फोनवर तारीख-वेळ दिसेल असे चित्रीकरण केले. खरे नुकसान मात्र पुढच्या चाकांत होते. दोन्ही टायरांवर एकाच जागी रबर घासून सपाट चट्टा पडला होता, त्यावरची नक्षी पूर्णपणे पुसली गेली होती आणि चट्ट्याच्या कडेला रबराचे बारीक गोळे चिकटलेले होते. गाडी रस्त्यावर घेताच वेगाबरोबर वाढत जाणारी थडथड स्टिअरिंगपर्यंत जाणवू लागली. उतारावर गिअर ‘पार्क’मध्ये टाकल्यावर गाडी आधी थोडी घरंगळून मग धक्क्याने अडायची, जे यापूर्वी कधीच होत नव्हते.

असे का झाले, हे गॅरेजमधल्या मेकॅनिकने गाडी वर उचलून दाखवले. ही माहिती प्रत्येक गाडीमालकाला असावी असे मला कळकळीने वाटते. माझी गाडी ऑटोमॅटिक आहे आणि इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. ती नाक भिंतीकडे करून उभी असल्यामुळे ठेकेदाराच्या माणसांनी जी बाजू हाताशी आली तीच, म्हणजे मागची, उचलली आणि पुढची चाके जमिनीवर ठेवूनच गाडी ओढली. ऑटोमॅटिक गाडी ‘पार्क’मध्ये असते तेव्हा गिअरबॉक्समध्ये एक लहानसा लोखंडी खिटीसारखा भाग, ज्याला मेकॅनिक पार्किंग पॉल म्हणतात, दातेरी चक्रात अडकून चाके रोखून धरतो. उभी गाडी घरंगळू नये एवढेच त्याचे काम असते आणि ओढगाडीच्या जोराला तोंड देण्यासाठी तो बनवलेलाच नसतो. चाके फिरू शकत नसल्यामुळे टायर फरशीवर घासत गेले आणि प्रत्येक हिसका त्या खिटीच्या टोकावर बसला. गिअर ‘न्यूट्रल’मध्ये असता तरी लांबवर असे ओढणे धोक्याचेच ठरले असते. पारंपरिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला तेलाचा पंप इंजिनावर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असताना आतले भाग पुरेशा तेलाविना फिरतात आणि तापून झिजतात.

योग्य पद्धत अवघड अजिबात नाही. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी पुढून उचलावी आणि त्या वेळी हँडब्रेक ओढलेला नाही याची खात्री करावी, नाहीतर मागची चाके अशीच घासतात. मागूनच उचलायची वेळ आली तर जमिनीवरच्या पुढच्या चाकांखाली लहान चाकांची डॉली लावावी, किंवा सरळ सपाट फळ्याच्या ट्रकवर गाडी चढवावी. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांची चारही चाके जमिनीपासून वर असावीत, असे त्यांच्या पुस्तिकांत सर्वसाधारणपणे सांगितलेले असते. बहुतेक विजेच्या गाड्यांबाबतही तोच नियम आहे, कारण ओढताना चाकांबरोबर मोटर फिरते, ती वीज निर्माण करू लागते आणि आतली यंत्रणा बिघडू शकते. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत ओढून नेण्याविषयी वेगळी सूचना असते. माझ्या तक्रारीला जोडलेला सर्वांत उपयोगी कागद तोच निघाला, कारण तेथे निर्मात्यानेच पुढची चाके जमिनीवर ठेवून ओढू नये असे स्पष्ट बजावले आहे.

मी लेखी तक्रार केली तेव्हा ठेकेदाराचे उत्तर दोन जोडपत्रांसह आले. पहिले जोडपत्र म्हणजे ‘उचलण्यापूर्वीची स्थिती’ असे शीर्षक दिलेले बंपरचे छायाचित्र. त्यात कोपरा निसटलेला दिसत होता आणि म्हणून हे नुकसान आधीचेच आहे, असा दावा होता. ते छायाचित्र मी मोठे करून पाहिले. खालच्या कोपऱ्यात पिवळ्या पट्ट्याची कड दिसत होती आणि मागचे चाक जमिनीला टेकलेले नव्हते, म्हणजे गाडी पकडीत अडकवून वर घेतल्यानंतरच ते टिपलेले होते. दुसरे जोडपत्र माझ्या सहीच्या कागदाची प्रत होती. तिच्यात छापील मजकूर होता, माझी सही होती, पण मी हाताने लिहिलेली ओळ नव्हती. प्रत काढताना तेवढी पट्टी झाकली गेली होती आणि माझ्या सहीतल्या उंच अक्षरांचे शेंडेही तिच्याबरोबर कापले गेले होते. माझ्या फोनमधले मूळ पानाचे छायाचित्र शेजारी ठेवल्यावर कोणालाही ते क्षणात कळले असते. निष्काळजीपणा मी एक वेळ समजू शकते, पण कागदावरची ओळ पुसून तीच प्रत पुरावा म्हणून पाठवणे हा शुद्ध अप्रामाणिकपणा आहे.

त्यानंतर टोलवाटोलवी सुरू झाली. जागेचा मालक म्हणाला, गाडी ठेकेदाराने उचलली. ठेकेदार म्हणाला, उचलायच्या गाड्यांची यादी पार्किंगच्या व्यवस्थापकाने दिली. व्यवस्थापकाने ओढगाडीचा चालक बाहेरचा आहे असे सांगून काखा वर केल्या. शेवटी ‘चुकीच्या जागी उभ्या असलेल्या वाहनाच्या नुकसानीस आम्ही जबाबदार नाही’ या फलकाकडे बोट दाखवण्यात आले. माझी गाडी चुकीच्या जागी नव्हतीच, पण क्षणभर तसे मानले तरी केवळ फलक लावून निष्काळजीपणातून सुटका करून घेता येते, हे मला मान्य नाही. दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने तिची वाजवी काळजी घ्यावी हे तत्त्व फार जुने आहे. इंग्लंडमध्ये 1703 साली कॉग्ज विरुद्ध बर्नार्ड या खटल्यात ब्रँडीची पिंपे एका तळघरातून दुसऱ्या तळघरात नेताना झालेल्या निष्काळजीपणाबद्दल ती हलवणाऱ्याला न्यायालयाने जबाबदार धरले होते, आणि त्याला तर त्या कामाचा मोबदलाही मिळणार नव्हता. येथे मोबदला घेतला जातो आणि तोही गाडीच्या मालकाकडून. कायद्याचे तपशील जागोजागी वेगळे असतात, म्हणून फलक वाचून गप्प बसण्यापूर्वी आपल्या ठिकाणच्या जाणकार वकिलाला एकदा विचारावे.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी सर्वांत आधी गाडी उभी होती त्या जागेवर परत जावे, कारण सर्वांत लवकर नाहीसा होणारा पुरावा तेथे असतो. माझ्या जागेपासून बाहेरच्या दारापर्यंत फरशीवर दोन समांतर काळे पट्टे उमटलेले होते. शेजारच्या खांबावरचा जागेचा क्रमांक दिसेल अशी त्यांची छायाचित्रे मी घेतली आणि थोड्याच दिवसांत तेथे फरशी धुतली गेली. सीसीटीव्हीचे चित्रीकरण जुन्यावर नवे साठत जाऊन पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याची मागणी त्याच दिवशी लेखी करावी आणि मागणी पोहोचल्याची नोंद घ्यावी. फोनवरच्या आश्वासनाला काडीची किंमत नसते. विमा कंपनीला ताबडतोब कळवावे आणि त्यांच्या माणसाने पाहणी केल्याशिवाय दुरुस्तीला हात लावू देऊ नये. टायरवरचा चट्टा, बंपर आणि गिअरबॉक्स यांचा संबंध एकाच घटनेशी जोडणारा लेखी अहवाल गॅरेजकडून घ्यावा. नुसते बिल पुरत नाही, कारण बिलातून काय बदलले ते कळते, का बदलावे लागले ते कळत नाही. आणि गाडी परत घेतल्यावर काही विचित्र आवाज किंवा धक्का जाणवला, तर ती चालवत नेण्याचा मोह टाळून आहे तेथूनच गॅरेजला कळवावे, कारण पुढे जे बिघडेल ते तुम्ही चालवल्यामुळे बिघडले असे म्हणायला समोरचा टपलेलाच असतो.

माझ्या बाबतीत विमा कंपनीने दुरुस्तीचा मोठा भाग दिला असून ती रक्कम ठेकेदाराकडून वसूल करण्याची कारवाई ती तिच्या परीने करत आहे. मी स्वतः सोसलेला हिस्सा आणि गाडी सोडवण्यासाठी भरलेली रक्कम यांसाठी माझी तक्रार वेगळी दाखल आहे आणि तिच्यावर निर्णय व्हायचा आहे. जागेच्या मालकाने परवाना वैध होता हे लेखी मान्य केले आहे. ठेकेदाराने मात्र कापलेल्या प्रतीविषयी आजपर्यंत एका अक्षराने खुलासा केलेला नाही. बदललेले दोन्ही टायर आणि टोक तुटलेला तो पार्किंग पॉल गॅरेजकडून मागून घेऊन मी तारखेची चिठ्ठी लावून ठेवला आहे आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत यातले काहीही भंगारात जाणार नाही.