लवंगेचं तेल झोंबलंच नाही

दिवाळीआधी डोंबिवलीतल्या एका मंगल कार्यालयात प्रदर्शन होतं. पापड-मसाल्यांच्या रांगेत एक टेबल तेलांचं. विक्रेत्याने ग्लासभर पाण्यात तपकिरी थेंब टाकले. "काकू, हे जंतू समजा." वर 'लवंग तेला'चे चार थेंब. पाणी क्षणात नितळ! मी ३० मिलीच्या दोन बाटल्या घेतल्या, ९०० रुपये. पावती मागितली, तर म्हणाला, "उद्या आहोतच की इथे."

सासऱ्यांना मधुमेह. चप्पल घासून अंगठ्याला जखम झालेली. त्यावर दिवसातून दोनदा ते तेल लावायला लागलो. अण्णा खूश, कारण झोंबत नव्हतं. "अस्सल तेल झोंबत नाही" असं त्या माणसाने पढवून ठेवलेलं. बाराव्या दिवशी अंगठा सुजला, पू आला. डॉक्टरांनी जखम साफ करून अँटिबायोटिक सुरू केलं आणि मला झाडलं. मधुमेह्याच्या पायाला वेदना कळेलच असं नाही, आणि तेल अस्सल असतं तरी उघड्या जखमेवर तसंच लावलं की पोळतं.

घरी येऊन थेंब जिभेवर ठेवला. वास लवंगेचा, जीभ मात्र शाबूत! लवंगेच्या तेलात मुख्य असतं ते युजेनॉल. जंतू मारतं तेच, चरचरतं आणि बधिर करतं तेही तेच. दाताच्या दवाखान्यात येतो ना, तो वास त्याचाच.

बारावी सायन्सची भाची ग्लासाची गोष्ट ऐकून हसत सुटली. आयोडीनच्या पाण्यात तिने 'क' जीवनसत्त्वाची गोळी विरघळवली; रंग गायब. जंतूंचा काही संबंधच नाही. आमच्या बाटलीतल्या तेलाने मात्र रंग जाईना. म्हणजे दाखवायची बाटली वेगळी आणि विकायची वेगळी. मग केमिस्टकडून लवंगेचं तेल आणलं. त्याचा थेंब पाण्यात तळाशी गेला, कारण ते पाण्याहून जड असतं. आमचं वर तरंगत राहिलं. (बुडालं म्हणजे शुद्धच, असंही नाही. लवंगेच्या पानांचं स्वस्त तेल मिसळलं तरी ते बुडतंच.)

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. त्यांनी विक्रेत्याचं नाव, पत्ता, बिल विचारलं. माझ्या हातात लवंगेचं चित्र असलेली बाटली. बॅच नंबर नाही, मुदत नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. छापलेला मोबाइल पहिल्या दिवसापासून बंद. दुसरी बाटली सील न फोडता ठेवली आहे. पुढच्या प्रदर्शनात तो दिसला, तर टेबलावर ग्लासभर पाणी मीच ठेवणार आहे.