डावीकडची पुढची रांग की बाल्कनी?

मुंबईत एनसीपीएच्या (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) जमशेद भाभा नाट्यगृहात कॉन्चेर्टो (एकल वादक आणि वाद्यवृंद यांची रचना) आणि सिम्फनी (पूर्ण वाद्यवृंदाची मोठी रचना) अशी संध्याकाळ असली, की तिकीट काढताना हा पेच पडतोच. राखमानिनॉवचा दुसरा पियानो कॉन्चेर्टो (१९०१) आणि मध्यंतरानंतर चायकोव्हस्कीची पाचवी सिम्फनी (१८८८), असा कार्यक्रम धरून चालू.

डावीकडे तिसरी ते सहावी रांग मिळाली तर वादकाचे हात दिसतात. उजवीकडून फक्त चेहरा. कॉन्चेर्टोची सुरुवात एकट्या पियानोच्या भारदस्त स्वरपुंजांनी होते. पंजा मोठा नसेल तर ते एकदम दाबता येत नाहीत, स्वर खालून वर एकेक सोडावे लागतात. ही तडजोड इथून स्पष्ट दिसते, बाल्कनीतून दुर्बीण लागेल. लगेच व्हायोलिन, व्हिओला आणि क्लॅरिनेट धून उचलतात, तेव्हा वर बसलेल्याला पियानो बराचसा बुडालेला वाटतो. इथवर पुढची रांग सरस.

मन फिरतं ते दुसऱ्या भागात. धून आधी फ्लूटकडे, मग क्लॅरिनेटकडे. पियानो नुसती साथ करतो. हे वादक बसतात मधोमध, आणि त्यांच्यापुढे पावणेतीन मीटर लांब पियानोचं उघडं झाकण. म्हणजे साथ कानाशी आणि बंदिश झाकणामागे. तबलजी पुढे आणि गायक विंगेत बसवल्यासारखं. पुढे धून पियानोकडे येते खरी, पण ती फ्लूटची सुरुवात हातची गेलेली असते. बाल्कनीतून नजर आणि कान दोन्ही झाकणावरून पलीकडे पोचतात.

मध्यंतरात पियानो हलवतात, तरी खाली समोर व्हायोलिनची फळी उरतेच. हॉर्न या पितळी वाद्याचं तोंड मागे वळलेलं असतं, आवाज भिंतीवर आपटून येतो. पाचवीच्या संथ भागातला हॉर्नचा एकल तुकडा वरच जास्त गोल ऐकू येतो, असं आपलं मत.

पियानो शिकणारं पोर बरोबर असेल तर डावीकडेच बसा. एरवी बाल्कनीच्या पहिल्या दोन रांगा, मधल्या खुर्च्या. तळमजल्यावर बाल्कनीच्या पोटाखाली मात्र नको, तिथे वरून परतणारा आवाज अडतो.

आणि पाचवीच्या शेवटच्या भागात दणदणीत स्वरपुंजानंतर सगळं थांबतं, तेव्हा टाळ्या आवरा. कंडक्टरचे हात बहुधा अजून वरच असतात.