रंग आणि मेणाखाली लपवलेले कपाट : फसवणुकीचा एक अनुभव

‘अस्सल जुने सागवान, नव्याने रंगवून मेण चढवलेले’ अशा वर्णनाचे ड्रॉवरचे एक जुने कपाट मी काही काळापूर्वी विकत घेतले. पुढे उघडकीस आले ते असे, की सागवान फक्त वरच्या दोन ड्रॉवरना आणि पायांना होते. बाकी सगळा सांगाडा सनमायका लावलेल्या पार्टिकल बोर्डाचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचा होता, आणि जे खरे लाकूड होते त्यालाही कीड लागलेली होती. विक्रेत्याला यातले काहीच ठाऊक नव्हते असे मानायला मला जागा दिसत नाही, कारण दोष जिथे जिथे होता नेमका तिथेच तो झाकण्याचा बंदोबस्त केलेला होता. तो बंदोबस्त कसा होता हे इतरांना कळावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जुन्या फर्निचरला रंग आणि मेण लावून नवे रूप देणे ही प्रामाणिक कला आहे आणि ती मनापासून करणारे पुष्कळ लोक आहेत. यासाठी वापरला जाणारा चॉक पेंट ब्रिटनच्या ॲनी स्लोन यांनी १९९० मध्ये बाजारात आणला. दाट, पूर्ण मॅट आणि बहुतेक पृष्ठभागांवर फारशी घासाघीस न करता बसणारा हा रंग सच्छिद्र असतो, म्हणून त्यावर मऊ मेणाचा हात देऊन तो कापडाने घोटावा लागतो. पण जो दाटपणा जुन्या लाकडाचे ओरखडे सुंदर झाकतो, तोच दाटपणा लाकूड नसलेल्या वस्तूलाही लाकडाचे रूप देतो. रंग एकदा चढला की खाली सागवान आहे, प्लायवूड आहे की भुशाचा दाबलेला बोर्ड आहे, हे समोरून पाहून सांगणे जाणत्या सुतारालाही अवघड जाते.

माझ्या बाबतीत विक्रेत्याने काहीच लपवत नसल्याचा आव मोठ्या कौशल्याने आणला होता. त्याने स्वतःहून वरचा ड्रॉवर पूर्ण बाहेर काढला, उलटा केला आणि कोपऱ्यातले डव्हटेल सांधे, म्हणजे एकमेकांत अडकणारे पंखासारखे दाते, दाखवले. ते हातांनी कापलेले होते, किंचित असमान होते, आणि खरोखरच जुने होते. आतली बाजू रंगवलेली नव्हती, त्यामुळे लाकडाच्या रेषाही स्वच्छ दिसत होत्या. खालचे ड्रॉवर मात्र ‘रंग ताजा आहे, ओढले तर कडा उडतील’ असे सांगून त्याने बंदच ठेवले. त्या ड्रॉवरच्या बाजू पातळ प्लायच्या होत्या आणि सांध्यांत नुसते खिळे ठोकलेले होते, हे नंतर समजले. ‘उचलून पाहा, किती जड आहे,’ हे वाक्यही त्याने दोनदा ऐकवले. वजन हा सागवानाचा पुरावा नव्हेच. पार्टिकल बोर्ड आणि सागवान यांची घनता साधारण सारखीच असते आणि एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबलेला बोर्ड, तर बहुधा सागवानापेक्षाही जड भरते. तरीही जड म्हणजे अस्सल, हा समज आपल्या मनात इतका पक्का बसलेला आहे की विकणारे त्यावर निर्धास्त विसंबतात.

खरी कारागिरी कडांवर होती, आणि तिचे कौतुक करावे की संताप करावा हे मला अजून ठरवता आलेले नाही. जुनेपणाचा आभास आणण्यासाठी कडांवरचा रंग सँडपेपरने उडवून खालचे लाकूड थोडे उघडे ठेवण्याची पद्धत आहे. या कपाटाच्या कडांवरही तसे तपकिरी लाकूड डोकावत होते, आणि त्याअर्थी सगळी वस्तू लाकडाची असणार असा निष्कर्ष कोणीही सहज काढला असता. प्रत्यक्षात बोर्डाच्या कडेला खऱ्या लाकडाची बोटभर रुंदीची पट्टी चिकटवलेली होती, आणि रंग फक्त त्या पट्टीपुरताच घासलेला होता. पट्टी आणि बोर्ड यांच्यामधली फट लांबी (पुट्टी) भरून बुजवली होती आणि तिच्यावरून गडद तपकिरी मेण फिरवले होते, त्यामुळे ती जुन्या मळाची रेघ वाटत होती. आज त्याकडे पाहताना एक गोष्ट खटकते : खरी झीज हात लागतो, चावी फिरते, पाय आपटतो अशा जागी होते, आणि या कपाटाची झीज मात्र मागच्या, भिंतीकडच्या कडेलाही तितकीच होती.

बिंग फुटले ते ओल्या फडक्याने. वरचा पृष्ठभाग पुसताना एका कोपऱ्यातल्या रंगाला फुगवटा आला आणि नखाने उचलताच हाताएवढा पापुद्रा अखंड निघून आला. खाली गुळगुळीत, चकचकीत सनमायका होता, आणि त्यावर सँडपेपर फिरवल्याची एकही खूण नव्हती. चॉक पेंटला घासायची गरज नसते हे अर्धसत्य आहे. सनमायकासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर आधी खरबरीतपणा आणून पकड देणारा प्रायमर लावला नाही, तर रंग नुसता वर टेकून राहतो. मेणाच्या थरामुळे ही उणीव काही आठवडे लपून राहिली, इतकेच.

त्याच सुमारास वरच्या ड्रॉवरमधल्या कपड्यांवर पिठासारखी बारीक पूड दिसू लागली. झटकली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. सुताराने ड्रॉवरच्या तळाला टाचणी लावून दाखवली, तेव्हा १ ते २ मिलिमीटरच्या भोकांची रांगच सापडली. ती सगळी तपकिरी मेणाने बुजवलेली होती आणि त्यांतल्या दोन-तीन भोकांचे मेण आतून ढकलले जाऊन बाहेर आले होते. सागवानाचा आतला, पक्का गाभा किडीला सहसा दाद देत नाही. बाहेरच्या फिकट, कोवळ्या भागात मात्र पिष्ट (स्टार्च) असते आणि लाकूड पोखरणारे भुंगेरे त्यावरच वाढतात. रंग किंवा मेण लावलेल्या पृष्ठभागावर त्यांना नव्याने अंडी घालणे कठीण जाते हे खरे आहे, पण आत आधीच असलेल्या अळ्यांवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. त्यांची वाढ पूर्ण झाली की भुंगेरे मेणातून आणि रंगातून वाट काढून बाहेर पडतात. म्हणजे भोके बुजवणाऱ्याने कीड मारली नव्हती, फक्त तिची निशाणी पुसली होती.

विक्रेत्याशी संपर्क साधल्यावर त्याने आधी ‘आणून द्या, परत एक हात मारून देतो’ असे गोड बोलून पाहिले. हा उपाय म्हणजे आणखी एक धूळफेक होती. मेणावर रंग भरवशाने धरत नाही. मेण टर्पेंटाइनने पूर्ण काढून, सनमायका घासून, प्रायमर लावून सगळे काम मुळापासून करावे लागले असते, आणि इतके करूनही बोर्डाचे सागवान झाले नसते. पैसे परत मागितले तेव्हा ‘जुन्या वस्तूला गॅरंटी नसते’ हे ठरलेले उत्तर मिळाले, आणि त्यानंतर फोन उचलणेच बंद झाले. पावतीवर फक्त ‘रंगवलेले लाकडी कपाट’ एवढेच लिहिलेले होते. सागवान हा शब्द जाहिरातीत होता आणि ती जाहिरात तोवर काढून टाकलेली होती.

अशी वस्तू पाहायला जाल तेव्हा विक्रेता जो ड्रॉवर उघडतो तो सोडून बाकीचे सगळे ड्रॉवर बाहेर काढायला लावा आणि रिकाम्या सांगाड्यात टॉर्च मारा. मागची फळी, तळ आणि ड्रॉवर सरकण्याच्या पट्ट्या या जागा रंगवण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. त्या जागाही झाडून साऱ्या रंगवलेल्या असतील किंवा आतून सुंदर कागद चिकटवलेला असेल, तर तो कागद कोपऱ्यातून उचलून पाहण्याचा आग्रह धरा. पायाचा किंवा बिजागरीचा एखादा स्क्रू काढू द्या म्हणावे. भोकातून लाकडाच्या तंतूंऐवजी सुटे तुकडे गळले तर तो बोर्ड आहे. ड्रॉवर काळ्या कागदावर आपटून पूड पडते का हेही पाहता येते, आणि याला कोणी हरकत घेतली तर त्या हरकतीचाच विचार करावा.

मेण कधी लावले हेही विचारावे. ते पूर्ण कडक व्हायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. काम कालपरवाच झालेले असेल, टर्पेंटाइनचा वास अजून येत असेल आणि तरीही विकण्याची घाई दिसत असेल, तर रंगातून वर येणारे जुन्या लाकडाचे तपकिरी डाग, सैल पापुद्रे आणि पूड यांपैकी काहीही दिसायला अजून वेळच मिळालेला नसतो. शिवाय रंगवण्यापूर्वीचे फोटो मागावेत. मनापासून काम करणारा माणूस ते विचारण्याआधीच दाखवतो, कारण त्याची मेहनत त्यांतच दिसते. माझ्या विक्रेत्याचा फोन त्याच्या सांगण्याप्रमाणे ‘नुकताच बदललेला’ होता.

पैसे देण्यापूर्वी जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, आणि सांगाडा, ड्रॉवर, मागची फळी हे प्रत्येक कोणत्या लाकडाचे किंवा बोर्डाचे आहे ते वेगवेगळे पावतीवर लिहून सहीनिशी घ्या. ‘लाकडी’ या एका शब्दावर पावती घेऊ नका, कारण पार्टिकल बोर्डही लाकडाच्या भुशाचाच असतो, आणि माझ्या विक्रेत्याने शेवटच्या बोलण्यात नेमका हाच युक्तिवाद केला होता.