काटा मारला, तोही ऑक्सिजनचा

तीन दिवसांच्या डेको डायव्हिंगसाठी (म्हणजे इतकं खोल की वर येताना ठरावीक थांबे घ्यावेच लागतात) इजिप्तला, दहाबला गेलो होतो. किनाऱ्यालगतचं एक दुकान, भाव बाकीच्यांपेक्षा बराच कमी. तिथेच शंका यायला हवी होती. 50 टक्क्यांचं नायट्रॉक्स, म्हणजे निम्मा ऑक्सिजन असलेली हवा, भरायला शुद्ध ऑक्सिजन लागतो, आणि तो काही त्या दुकानदाराला एकट्याला फुकट मिळत नव्हता.

पाठीवरच्या जोड सिलिंडरचा हिशेब मी चोख केला होता. 12 लिटरचे दोन, 200 बार, म्हणजे 4800 लिटर हवा. 45 मीटरवर दाब साडेपाच पट. वर मिनिटाला 18 लिटर लागत असतील तर खाली 99. वीस मिनिटांचे दोन हजार, वर येण्याचे वेगळे, शिवाय बडीची, म्हणजे जोडीदाराची, हवा संपली तर दोघांना पुरेल एवढी राखीव. रात्री बसून सगळं वहीत मांडलं. बगलेतल्या स्टेज सिलिंडरबद्दल, म्हणजे थांब्यांवर ओढायच्या नायट्रॉक्सबद्दल, मात्र दुकानदाराचा शब्द मानला.

तसा त्याने ॲनालायझर, म्हणजे ऑक्सिजनचे टक्के मोजणारं यंत्र, लावून दाखवला. आकडा आला 50.1. मी रजिस्टरमध्ये '50 टक्के, 21 मीटर' (याहून खोल तो गॅस ओढायचा नाही) लिहिलं आणि सही ठोकली. (पेट्रोल पंपावर मीटर शून्यावर आहे का हे वाकून बघणारा मी!)

दुसऱ्या दिवशीच्या डायव्हनंतर उजवा खांदा ठणकायला लागला. सिलिंडर उचलून अवघडला असेल, म्हणून गप्प बसलो. पहिले दोन दिवस दुकानाचाच गाईड बरोबर होता. त्याचा सिलिंडर वेगळा भरलेला असायचा. तिसऱ्या सकाळी माझा मित्र येऊन पोहोचला, मूळचा नागपूरचा, नोकरीला दुबईत. त्याने स्वतःचा ॲनालायझर लावला आणि म्हणाला, "अरे, हे तर 32 दाखवतंय."

मग आम्ही दुकानाचा ॲनालायझर नुसता हवेत धरला. 20.9 दिसायला हवं, दिसलं 32.7. लबाडी एवढीच: 32 चं गॅस भरायचं आणि ॲनालायझरची कळ आकडा 50 येईपर्यंत पिळायची. थांबे ठरवणारा मनगटावरचा कॉम्प्युटर समजत होता मी 50 टक्के नायट्रोजनवर थांबलोय. फुप्फुसात जात होता 68 टक्के. थांबे त्यामुळे अपुरे पडले. आणि चूक उलट्या दिशेने असती, 80 टक्के भरलं असतं, तर 21 मीटरवर ऑक्सिजनचा दाब 1.6 ऐवजी अडीच बारच्या घरात गेला असता. पाण्याखाली झटके आले की रेग्युलेटर, म्हणजे श्वासाची नळी, तोंडातून सुटतो. पुढचं सांगायला नको.

खांदा म्हणजे बेंड्सच होता, अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे झालेले. उपचाराच्या दाब-चेंबरमध्ये पावणेपाच तास आणि परतीचं विमान रद्द.

दुकानदार म्हणाला, "सेन्सर जुना झालाय." सेन्सर म्हातारा झाला की कमी दाखवायला लागतो, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. पैसे मागितले तर त्याने रजिस्टर उघडून माझी सही दाखवली. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ॲनालायझर कोणाचाही असो, आधी तो उघड्या हवेत धरून 20.9 आपल्या हाताने लावा. मग सिलिंडर मोजा, आणि मोजून झाल्यावर पुन्हा हवेत धरा. सिलिंडरवर चिकटवलेल्या टेपवर टक्के, खोली, तारीख आपल्याच अक्षरात लिहा. घाई करणारा, 'सही करा, बोट निघतेय' म्हणणारा भेटला, तर बोट निघू द्या.