पिस्तुलाची साइट: ट्रिटियम की फायबर ऑप्टिक?

अमेरिकेत घराच्या रक्षणासाठी पिस्तूल घेणारे अनेकदा साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या खुणांच्या, या दोन प्रकारांत अडकतात.

ट्रिटियम या किरणोत्सारी वायूची नळी स्वतः चमकते, बॅटरी नको. मात्र दर १२.३ वर्षांनी तेज निम्मे होते आणि मग सहसा अख्खी साइट बदलावी लागते. फायबर, म्हणजे प्लास्टिकची पारदर्शक काडी, भोवतालचा उजेड गोळा करतो: उन्हात झगझगीत, काळोखात शून्य. काडी तुटते, पण नवी कापून टोके लायटरने फुगवली की बसते; खर्च किरकोळ.

पिस्तुलावर साइट पुढे आणि मागे अशी दोन्हीकडे असते; मागचे ठिपके पुढच्याइतके तेजस्वी नकोत. डोळ्याजवळ असल्याने तेच नजर ओढतात. मागे साधी काळी साइटच उत्तम.

समोर कोण आहे हे दोन्ही दाखवत नाहीत. टॉर्च हवाच!

दिवसाचा सराव, स्पर्धा असेल तर फायबर. रात्री घरासाठी ट्रिटियम.